वेलीत लाकूड किती लिटर?

प्रश्न काटोलकडच्या एका विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: "काका, उद्यानविद्येत एम.एस्सी. करतोय. निफाडला मामाची द्राक्षबाग आहे, काटोलला आमची संत्र्याची. दोन्हीकडच्या झाडांमध्ये जुनं लाकूड किती आहे, त्याचं घनफळ काढायचंय. झाड तोडता येत नाही. बुडाचा घेर घेतला, खोडाची आणि ओलांड्यांची (खोडातून आडव्या नेलेल्या जाड फांद्यांची) लांबी जोडली, सिलिंडरचं सूत्र लावलं. एका वेलीचे ८.६ लिटर आले. सर म्हणतात हे पटत नाही. चुकलं कुठे? आणि संत्र्याला हीच पद्धत चालेल का?"

बाबू, तुझ्या सरांचं बरोबर आहे. तू दिलेले आकडे मी मांडून पाहिले: बुडाचा घेर २० सेंमी, खोड १२० सेंमी, ओलांडे दोन, प्रत्येकी ७५ सेंमी. म्हणजे २७० सेंमी लांबीचा, बुडापासून टोकापर्यंत सारख्या जाडीचा एक पाइप तू मोजलास. वेल काही पाइप नसते. बुडाशी मनगटाएवढी जाड असते आणि ओलांड्याच्या टोकाशी अंगठ्याच्या जवळ येते. तुझ्या हिशेबात ते टोकही मनगटाएवढंच धरलं गेलंय.

आता हीच वेल तुकड्यातुकड्याने मोजू. खोडाचे ३० सेंमीचे चार भाग कर आणि प्रत्येकाचा घेर त्या भागाच्या मधोमध घे. तू नंतर पाठवलेल्या मापांत ते १९, १७.५, १७ आणि १७.५ सेंमी आहेत. घेराचा वर्ग भागिले १२.५७ केलं की छेदाचं क्षेत्रफळ मिळतं (चार गुणिले पाय म्हणजे १२.५७). चौघांची बेरीज करून ३० ने गुणलं की खोड झालं साधारण ३,०१४ घनसेंमी. ओलांड्यांचे २५-२५ सेंमीचे तीन भाग. एकाचे घेर १३, ११, ९ आणि दुसऱ्याचे १२.५, ११, ९.५. ते आले ७३८ आणि ७३१. एकूण ४,४८३ घनसेंमी, म्हणजे साडेचार लिटर. तुझे ८.६ होते, जवळपास दुप्पट. सूत्र तेच, टेप तोच, फक्त घेर घ्यायची जागा बदलली.

हे का होतं ते एकदा नीट समजून घे, कारण पुढे सगळीकडे हाच घोळ भेटणार आहे. लांबी मोजताना पाच टक्के चुकलास तर घनफळही पाचच टक्के चुकतं. घेर पाच टक्के चुकला तर घनफळ दहा टक्के चुकतं, कारण घेराचा वर्ग होतो. म्हणून लांबी एक वेळ ओबडधोबड घेतली तरी चालेल, घेर मात्र जीव लावून घ्यायचा. पोट्टे नेमकं उलटं करतात. उंची मिलिमीटरमध्ये लिहितात आणि घेर शिंप्याच्या कापडी टेपने घेतात, जो दोन हंगामांत ताणून लांब झालेला असतो. फायबरग्लासचा किंवा स्टीलचा टेप वापर. घेर दहा सेंमीच्या खाली गेला की टेप बाजूला ठेव आणि व्हर्नियर कॅलिपर (जाडी मोजायचा सरकता चिमटा) घे.

तुकडा टोकाकडे निमुळता असेल तर सूत्र कोणतं लावायचं, हा पुढचा प्रश्न. एक उदाहरण पाहा: एक मीटरची फांदी, बुडाशी व्यास १० सेंमी, शेंड्याशी ४, उतार एकसारखा. तिचं खरं घनफळ ४,०८४ घनसेंमी. मधला व्यास ७ घेऊन केलं (ह्यूबरची रीत) तर ३,८४८ येतात, म्हणजे सहा टक्के कमी. दोन्ही टोकांच्या क्षेत्रफळांची सरासरी घेतली (स्मॅलियनची रीत) तर ४,५५५, म्हणजे साडेअकरा टक्के जास्त. बूड, शेंडा आणि चौपट मधला भाग यांची बेरीज करून सहाने भागलं (न्यूटनची रीत) तर बरोबर ४,०८४. कागदावर न्यूटन जिंकतो. बागेत मी मात्र ह्यूबरच वापरतो, पण तुकडा आखूड घेतो. हीच फांदी ५० सेंमीच्या दोन तुकड्यांत मोजली तर ४,०२५ येतात. चूक सहावरून दीड टक्क्यावर आली. तुकड्याची लांबी अर्धी केली की चूक चौथाई होते, आणि तीन घेर घेऊन मांडामांड करण्यापेक्षा उभ्या झाडाला हे सोपं पडतं. स्मॅलियन टाळ. फांदीचं बूड फुगलेलं असतं आणि त्या फुगवट्याचा घेर दोन टोकांच्या सरासरीत शिरून सगळं घनफळ फुगवतो.

लाकडाचा विषय निघाला की नागपुरात कुणीतरी लकडगंजचं सूत्र सांगतंच: गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. वखारीत, आरा मिलवर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला तो हिशेब आहे. तो खोटा नाही, पण त्याचा हेतू वेगळा. गोल ओंडका चौकोनी करताना वाया जाणारं लाकूड त्यात आधीच वजा धरलेलं असतं. खऱ्या घनफळाच्या ७८.५ टक्केच आकडा त्यातून येतो. सागाच्या सौद्याला ठीक. प्रबंधात वापरलास तर तुझं प्रत्येक झाड साडेएकवीस टक्क्यांनी बारीक होईल.

आता सालीकडे ये. द्राक्षाची जुनी साल सुटी असते, पट्ट्यापट्ट्यांनी निघते, आत हवा. तिच्यावरून टेप फिरवला तर १८ चा घेर सहज १९ भरतो, आणि १९ लिहिलं की घनफळ ११ टक्के वाढलं. त्यामुळे टेप बसणार तेवढ्या जागेवरची सुटी साल हाताने काढून टाक. वेलीला इजा होत नाही, ती साल मेलेलीच असते. संत्र्याची साल अंगाला चिकटलेली असते, तिथे हा त्रास नाही. पण "सालीसकट" की "सालीवेगळं" हे पहिल्या दिवशी ठरव आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. अर्धे प्रबंध इथे घसरतात.

दुसरी गोष्ट, वेलीचं खोड गोल नसतं. पिळदार, चपटं, कधी खोबणी पडलेलं. घेरावरून काढलेलं क्षेत्रफळ अशा खोडाला नेहमी जास्तच येतं, कारण ठरावीक घेरात सगळ्यात जास्त जागा वर्तुळच व्यापतं. एका बाजूने ६ सेंमी आणि आडवं ४ सेंमी असं लंबगोल खोड असेल तर टेपने खऱ्यापेक्षा सहा टक्के जास्त येईल. कॅलिपरने दोन्ही व्यास घेऊन त्यांची सरासरी काढलीस तरी चार टक्के जास्त. सरासरी काढू नकोस. दोन्ही व्यासांचा गुणाकार कर आणि त्याला ०.७८५४ ने गुण. चपट्या खोडाला तेच बरोबर बसतं.

निफाडची वेल डॉगरिज खुंटावर (ज्यावर कलम बांधतात त्या मुळाकडच्या जातीवर) असेल तर कलमाच्या सांध्याशी गाठ असेल. तिथे घेर घेऊ नकोस. गाठीच्या वर आणि खाली असे दोन वेगळे भाग धर. संत्र्यातही तसंच, जंभेरी खुंट आणि वरचा संत्रा यांची जाडी सारखी नसते, म्हणून सांध्याच्या वर वीतभर जागा सोडून घेर घ्यायचा आणि तिथे ऑइलपेंटची बारीक रेघ मारून ठेवायची. पुढच्या वर्षी घेर त्याच रेघेवर. नाहीतर झाड वर्षभरात बारीक झालं असा निष्कर्ष निघतो. हसू नकोस, मी असे तक्ते पाहिलेत.

इतकं सगळं केल्यावरही आकड्यावर लगेच भरवसा टाकू नकोस. आधी थोडं लाकूड पाण्यात घाल. उभ्या झाडावर सूत्राने काढलेलं घनफळ आणि पाण्याने सांगितलेलं घनफळ यांचं नातं तुझ्या बागेसाठी, तिथल्या झाडांच्या जातीसाठी तूच काढायचंस. निफाडकडे जुन्या बागा दर वर्षी कुठेतरी निघतातच, उपटलेल्या वेली सरपणाला जातात. अशा दहा-बारा वेली उभ्या असतानाच आधी टेपने मोज, मग त्याच वेली तुकडे करून पाण्यात मोज. समजा टेपने ४.५ लिटर आणि पाण्याने ४.१ आले, तर त्या वेलीचा गुणांक ०.९१. दहा-बारा वेलींचे गुणांक एकमेकांच्या जवळ असतील तर उरलेल्या उभ्या वेलींना तो बिनधास्त लाव. दूर असतील तर तुझ्या टेपच्या कामात कुठेतरी खोट आहे, तिथे परत जा.

पाण्यात मोजायचं कसं, यात मी स्वतः एकदा फजिती करून घेतली आहे. सुरुवातीच्या काळात दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम घेतला, पाणी भरलं, लाकूड बुडवलं, पट्टीने पाणी किती चढलं ते पाहिलं. तीच फांदी तीनदा मोजली, तीन वेगळे आकडे. डोकं खाजवत बसलो. मग हिशेब केला: ड्रमचा व्यास ५७ सेंमीच्या आसपास, म्हणजे पाण्याची पातळी एक मिलिमीटर वर-खाली वाचली की पाव लिटरची चूक. मी अर्ध्या लिटरची फांदी पाव लिटरच्या मापाने मोजत होतो! त्या जागी ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, खाली टोपी लावून उभा केला, तर एक मिलिमीटरला नऊ घनसेंमीसुद्धा नाहीत. भांडं जितकं अरुंद तितकं माप बारीक.

त्याहून चांगली रीत वजनकाट्याची, आणि हल्ली मी तीच करतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घे. त्यावर पाण्याने भरलेला गंज (पातेलं; काठोकाठ नको, पाणी सांडता कामा नये) ठेव आणि काटा शून्यावर आण. लाकडाचा तुकडा सुईने किंवा सायकलच्या स्पोकने टोचून पूर्ण पाण्याखाली दाब. तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंमी तुकड्याचं घनफळ. लाकूड तरंगणारं असो की बुडणारं, फरक पडत नाही, कारण काटा फक्त बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन सांगतो. स्पोक नुसता बुडवून त्याचे एक-दोन ग्रॅम आधी पाहून ठेव आणि वजा कर. पाण्यात साबणाचा थेंब टाक म्हणजे सालीला चिकटलेले बुडबुडे सुटतात. द्राक्षाच्या एक वर्षाच्या काडीत मधला गाभा भुसभुशीत असतो, कापलेल्या टोकातून तिथे पाणी शिरतं. टोकांना मेणबत्तीचा थेंब लाव.

आता नागपूरची गोष्ट. हे काम मे महिन्यात करशील तर ऊन तुझा प्रबंध लिहील. एका वर्षी नवतप्यात संत्र्याच्या ताज्या फांद्या सकाळी कापल्या, वजन केलं, आणि घनफळ दुपारनंतर पाहू म्हणून टिनाच्या शेडमध्ये ठेवून चहाला गेलो. चहा लांबला. परत येऊन सहज काट्यावर ठेवल्या, तर किलोमागे शंभर ग्रॅमच्या वर पाणी उडून गेलेलं. सकाळचं वजन आणि संध्याकाळचं घनफळ यांचा मेळ बसेना. तो अख्खा दिवस वाया गेला. तेव्हापासून कापलं की ओल्या पोत्यात गुंडाळायचं, सावलीत ठेवायचं आणि वजन-घनफळ एकाच बैठकीत. लाकडातलं पाणी साधारण तीस टक्क्यांच्या खाली गेलं की ते आक्रसायला लागतं, मग घनफळही बदलतं. वाळलेला तुकडाच हाती असेल तर वजन वाढायचं थांबेपर्यंत पाण्यात भिजत घाल, तो बऱ्यापैकी मूळ आकाराला येतो.

एक काम मात्र तुला फुकटात होणार आहे. द्राक्षाला आपल्याकडे दोन छाटण्या: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. खरड छाटणीत ओलांड्यावरच्या काड्या एखादा डोळा ठेवून बहुतेक सगळ्या निघतात. त्या दिवशी प्रत्येक खुणेच्या वेलीच्या काड्या वेगळ्या बांध, पानं झटक, जागेवरच वजन कर. एका मोळीतला नमुना पाण्यात मोज. समजा ६४० ग्रॅमच्या नमुन्याचं घनफळ ६१० घनसेंमी आलं, तर घनता १.०५. मग २.२ किलोची मोळी भागिले १.०५, म्हणजे २.१ लिटर. शंभर काड्या कॅलिपरने मोजत बसायची गरज नाही. काड्या अशा वजनाने, खोड-ओलांडे टेपने, दोन्ही वेगळे लिही. तुझा प्रश्न जुन्या लाकडाचा आहे, आणि तोच महत्त्वाचा: छाटणीनंतर पहिली फूट येते ती खोडात, ओलांड्यांत आणि मुळांत साठवलेल्या स्टार्चवर.

जाता जाता: परदेशी पुस्तकांत फळांचं वजन भागिले छाटणीच्या काड्यांचं वजन असा निर्देशांक सापडेल आणि तो पाच ते दहा असावा असं लिहिलेलं असेल. ते वर्षातून एकदा छाटणाऱ्या थंड मुलखातलं आहे. आपल्या दोन छाटण्यांच्या बागेला तो जसाच्या तसा डकवू नकोस.

आता संत्रा. वनखात्याची रीत म्हणजे १.३७ मीटर उंचीवर घेर घ्यायचा. साग, ऐन, धावडा यांना ती चालते. आपल्या संत्र्याला त्या उंचीवर खोडच नसतं, तोवर तीन-चार फांद्या फुटलेल्या असतात. प्रत्येक फांदी ४०-५० सेंमीच्या तुकड्यांनी वर चढत मोजायची, बोटभर जाडीपर्यंत. एका झाडाला अर्धा दिवस जातो. लिहिताना गडबड होतेच, म्हणून प्रत्येक फाट्यावर एक पडताळा घे. फाट्याखालच्या घेराचा वर्ग आणि वरच्या फांद्यांच्या घेरांच्या वर्गांची बेरीज साधारण सारखी येते. लिओनार्दो दा विंचीने झाडं पाहून आपल्या वहीत हे टिपून ठेवलं होतं. खोड ४८ सेंमी असेल तर वर्ग २,३०४. वर फांद्या ३०, २७, २४ असतील तर ९००, ७२९, ५७६, एकूण २,२०५. जमलं. बेरीज ३,५०० आली असती तर समज, एखादा घेर फाट्याच्या फुगीर काखेत घेतलास किंवा २४ चे ४२ लिहिलेस. हा नियम काटेकोर नाही, चौकीदार म्हणून मात्र चांगला.

झाडं जास्त आणि दिवस कमी असतील तर सगळ्या फांद्या मोजू नकोस. जेसन नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये झाडावरची फळं मोजण्यासाठी एक युक्ती मांडली, लाकडालाही ती छान लागू पडते. प्रत्येक फाट्यावर एकच फांदी निवडायची, पण चिठ्ठी टाकून, आणि जाड फांदीला संधी जास्त. वरच्याच झाडात १ ते २,२०५ मधला एक आकडा फोनवर काढ. १ ते ९०० आला तर पहिली फांदी, ९०१ ते १,६२९ आला तर दुसरी, त्यापुढे तिसरी. समजा १,२०० आला, म्हणजे दुसरी. तिची संधी होती ७२९ भागिले २,२०५, म्हणजे ०.३३. पुढच्या फाट्यापर्यंतचा तिचा तुकडा २.४ लिटरचा असेल तर त्याला ०.३३ ने भाग: ७.३ लिटर. त्या पातळीवरच्या तिन्ही फांद्यांचा हा अंदाज झाला. पुढच्या फाट्यावर निवडलेल्या फांदीची संधी ०.५५ असेल तर दोन्ही संधींचा गुणाकार ०.१८. तिथला तुकडा १.१ लिटरचा असेल तर भागून ६ लिटर. असं शेंड्यापर्यंत जा, सगळं जोड, खोडाचे लिटर मिळव. एका झाडावर अशा तीन-चार वाटा चालून सरासरी घे. डोळ्यांना "बरी दिसते" म्हणून फांदी निवडलीस तर सगळं मुसळ केरात. चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी.

एक सापळा सांगतो. संत्र्यावरच्या कित्येक लेखांत उंची गुणिले पसाऱ्याचा वर्ग गुणिले ०.५२ असं सूत्र दिसेल. ते पर्णसंभाराचं घनफळ आहे, लाकडाचं नव्हे. चार मीटर उंच, चार मीटर पसरलेल्या झाडाचं ते सव्वातेहतीस घनमीटर येतं, आणि त्यात बहुतेक हवा आणि पानं. फळांचं उत्पन्न झाडाच्या आकाराशी ताडायला ते कामाचं, तुझ्या प्रश्नाला नाही. फोनच्या लायडारने (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरने) झाड स्कॅन करून देणारी ॲपही आता आहेत. खोड आणि जाड फांद्या त्यात बऱ्या येतात. पानांनी भरलेल्या झाडात बोटभर फांद्या मात्र हरवतात किंवा दुप्पट जाड दिसतात.

सर समीकरण मागतीलच: घेरावरून थेट घनफळ सांगणारं. वीसेक झाडं मिळाली तर घेर आणि घनफळ दोन्हींचे लॉगॅरिदम घेऊन सरळ रेषा बसव. फक्त लॉगमधून परत येताना उत्तर थोडं कमी येतं हे विसरू नकोस. शिल्लक चुकीचं प्रमाणित विचलन (नैसर्गिक लॉगमध्ये) ०.२ असेल तर उत्तर दोन टक्क्यांनी वाढवावं लागतं. कार्बनही काढायचा असेल तर भट्टीत १०३ अंशावर वजन स्थिर होईपर्यंत वाळवलेलं वजन भागिले ओलं घनफळ ही घनता घे, आणि कोरड्या वजनाच्या ०.४७ पट कार्बन धर. ओलं वजन तिथे चुकूनही नको.

काटोलच्या जुन्या झाडांत खोडाला डिंक्या झालेला किंवा साल खाणाऱ्या अळीने पोखरलेला भाग असेल तर काठीने ठोकून बघ. पोकळ वाजलं तर ते झाड नमुन्यातून काढ आणि का काढलं ते लिही. वडिलांना विचार, यंदा कोणाच्या वावरातली झाडं निघणार आहेत. आधी तिथे टेप घेऊन जा, कुऱ्हाड पोचायच्या आदल्या दिवशी. आणि मामाला आजच फोन करून खरड छाटणीची तारीख विचार. मजूर एकदा लागले की दुपारपर्यंत सगळ्या वेलींच्या काड्या एकाच ढिगात असतात.